पहिले सामनेवाल्याचं

आमच्या क्वार्टरांच्या ओळीत भांडण सोडवून घ्यायचं असेल तर एक अट होती. आपली तक्रार सांगायच्या आधी, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याची बाजू आपणच मांडायची. तीही मनापासून. "पहिले सामनेवाल्याचं, मंग तुहं," असं लांजेवारकाका म्हणत, आणि आलेला माणूस कितीही तापलेला असला तरी त्याला दुसरं काही बोलूच देत नसत.

लांजेवारकाका आमच्या समोरच्या क्वार्टरमध्ये एकटे राहत. भिलाईच्या कारखान्याच्या टाइम ऑफिसात कारकून होते. कोण किती वाजता गेटातून आत गेला, कोण उशिरा आला, याची नोंद ठेवणं हे त्यांचं काम. संध्याकाळी ड्यूटीवरून आले की धुतलेला पायजमा घालून ते दारासमोरच्या बाजेवर बसत. तेच आमच्या ओळीचं कोर्ट. मी दुर्गच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे आणि आमच्या घरात कॉलेजात गेलेली पहिलीच, म्हणून निकाल लिहायचं काम माझ्याकडे होतं. जुन्या वहीत मी ते लिहीत असे आणि काका खाली सही करत.

सगळ्यात जास्त खटले नळाचे. तेव्हा सेक्टर सहामधल्या आमच्या घरांतल्या नळांना पाणी आलेलं नव्हतं आणि आठ क्वार्टरना मिळून बाहेर एकच नळ होता. एकदा माझी आई मिश्राईनबाईंवर चिडून बाजेपाशी आली.

"ही रोज दोन बादल्या माह्या आधी लावते!"

"पहिले सामनेवाल्याचं," काका म्हणाले.

आईने पदर खोचला. "बरं. तिचे चार लेकरं हायेत. मालक सकाळपाळीले जाते. तिनं आधी पानी नाई भरलं तं त्या मानसाले बिना आंघोळीचं भट्टीवर जावं लागन. अन् तिचा हात बी दुखून राहिला दिवाळीपासून, कोनाले सांगत नाई बिचारी..." इथे आई एकदम थांबली. "थांबा! हे तं मी तिचंच बोलून राहिली!"

"तेच पाहिजे. आता तुमचं सांगा."

"माह्यं काय सांगू? माह्यं काही नाई. भरू द्या तिले."

तोवर मिश्राईनबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "नहीं दीदी, आप पहले भरिए।" मग कोणी मागे राहायचं यावरून दोघींची जुंपली. तो खटला मात्र काकांनी दाखल करून घेतला नाही.

निकाल देताना काका आंतरराष्ट्रीय कायद्याचा आधार घेत. नळ ही त्यांच्या मते अनेक देशांतून वाहणारी नदी होती आणि वरच्या देशाने खालच्या देशाचं पाणी तोडायचं नाही, असा नियम होता. शेजारच्या कोहका गावाहून चरत चरत एक बकरी आली आणि तिने आमची मेथी खाल्ली, तेव्हा त्यांनी मला लिहायला सांगितलं, "बकरी परदेशी नागरिक आहे. तिला सीमेपलीकडे नेऊन सोडावं, पण वाटेत तिच्या अंगाला हात लावू नये." हे सगळं त्यांना कुठून माहीत, असं कोणी विचारलं की ते ताठ बसत. "क्वाबेनानं लिहून ठेवलं आहे."

क्वाबेना हा त्यांचा मित्र. आफ्रिकेतल्या घाना देशाचा. नागपुरात दोघं लॉजच्या एका खोलीत राहून वकिली शिकले. त्यांच्याकडे मंगळवारी जन्मलेल्या मुलाचं नाव क्वाबेना ठेवतात, असं काकांनी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "मंगळवारचा? मंग तं हनुमानाचा उपास करत असन." काकांनी त्यावर बराच विचार केला आणि पत्रातून विचारतो म्हणाले.

सामनेवाल्याची बाजू आधी मांडायची ही रीतही क्वाबेनाच्या आजोबांची. नागपूरच्या उन्हाळ्यात काकांना खोलीची खिडकी बंद हवी होती आणि क्वाबेनाला उघडी, यावरून दोघा मित्रांचं वाजलं होतं. क्वाबेनाने आजोबांची रीत सांगितली आणि दोघं एकमेकांच्या बाजूने भांडले. "अर्ध्या घंट्यानं मी उठून खिडकी उघडून राहिलो अन् तो बंद करून राहिला," काका सांगत. "दोघाचेबी हात खिडकीवर. तसेच हासत बसलो."

पुढे क्वाबेना वकील झाला, लंडनला जाऊन आंतरराष्ट्रीय कायदा शिकला, देश स्वतंत्र झाल्यावर मॅजिस्ट्रेट झाला, मग हायकोर्टाचा जज. दोन देशांचं भांडण मिटवायचं कसं, यावर त्याने पुस्तक लिहिलं. काकांनी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लाल पेन्सिलीने हा सगळा प्रवास लिहून भिंतीवर टांगला होता. स्वतःचं नाव सीनियॉरिटी लिस्टमध्ये कितवं आहे हे त्यांना सांगता येत नसे. क्वाबेना जज झाल्याचं पत्र आलं तेव्हा त्यांनी पावर हाउसच्या बाजारातून पेढे आणून टाइम ऑफिसात वाटले. बाबांनी ती गोष्ट घरी हसत हसत सांगितली होती.

"हेडक्लार्कनं विचारलं, काय लांजेवार, प्रमोशन झालं का? हे म्हंते, झालं. कोनत्या ग्रेडमंधी? तं म्हंते, हायकोर्ट!"

माझे बाबा कारखान्यात खलाशी आहेत. खलाशी म्हणजे समुद्रावरचा नव्हे. अवजड यंत्रं दोर-साखळ्यांनी उचलून जागेवर बसवणाऱ्याला आमच्याकडे खलाशी म्हणतात.

मागच्या हिवाळ्यात एक बातमी आली. दिल्लीत देशोदेशींच्या न्यायाधीशांची बैठक होती आणि त्यांतल्या काही जणांना आमचा कारखाना दाखवायला आणणार होते. पाहुण्यांचे गेटपास टाइम ऑफिसातच बनत. काकांनी स्वतःच्या हाताने एक एक नाव पासावर लिहिलं आणि चौथं नाव क्वाबेनाचं निघालं.

ही बातमी आम्हाला काकांकडून कळली नाही, बाबांकडून कळली. सगळी ओळ हरखून गेली. मिश्राजी म्हणाले, "जजसाहब, अब तो हमको भी मिलवाइए! फोटो खिंचवाएँगे।" आईने विचारलं, "तो वरन-भात खाते का, तेवढं सांगा."

दोन दिवसांनी कळलं की काकांनी नेमक्या त्याच दिवसाची रजा टाकली होती. गावी काम आहे म्हणे. लांजीकडच्या त्यांच्या गावी आता कोणी उरलेलं नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

मग ओळीत कुजबुज सुरू झाली. "दोस्त असता तं पळाला असता का?" नळावर कोणीतरी म्हणालं. मिश्राजी तर तोंडावर म्हणाले, "क्यों जजसाहब, दोस्त कैलेंडर का था क्या?" काका नुसतं हसले. ज्या माणसाने आजवर कोणाचं खोटं चालू दिलं नव्हतं, तो स्वतःला खोटारडा म्हणवून घेत होता. मला ते पाहवेना.

मला कारण ठाऊक होतं. क्वाबेनाने पाठवलेलं पुस्तक काकांनी एकदा मला वाचायला दिलं होतं. त्यात एक पाकीट राहून गेलं होतं. त्यावर पत्ता नागपूरच्या लॉजचा होता आणि काकांच्या नावाआधी 'अॅडव्होकेट' लिहिलेलं होतं. क्वाबेना परत गेल्यानंतर वडील वारले आणि काकांनी शेवटच्या वर्षाला वकिलीचं शिक्षण सोडलं, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. मित्राला मात्र ते कधी सांगितलं नव्हतं. पत्रं अजून लॉजवर येत आणि लॉजवाला ती इकडे पाठवत असे.

पाहुणे यायच्या आदल्या संध्याकाळी मी वही घेऊन बाजेपाशी गेले. मला मोठ्या माणसांशी असं बोलायची सवय नाही.

"काका, एक खटला हाये. फिर्यादी मी."

"कोनावर?"

"तुमच्यावर."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "बरं. पहिले सामनेवाल्याचं."

"तुमची बाजू मले पाठ हाये," मी म्हणाले. "कॉलेजात पहिल्या दिवशी एका पोरीनं विचारलं, वडील काय करतात? मी सुपरवायजर म्हटलं. कावून म्हटलं, मले माहीत नाई. तोंडातून निघून गेलं. मंग तेच सांगत राहा लागलं. आता बाबा स्टेशनवर सोडाले येतो म्हंते तं मी नको म्हंते. बाबा वाईट नाई, काका. पन आता खरं सांगाचं म्हंजे दीड वर्साचं खोटंबी सांगा लागते. त्याच्यापेक्षा त्या दिवशी रजा घेतलेली बरी."

काका हळूच म्हणाले, "चांगली मांडली."

"आता तुमी त्यायची मांडा. क्वाबेनासाहेबाची."

"सुमन, राहू दे."

"नियम तुमचाच हाये."

ते बाजेवर सरळ बसले. "मी क्वाबेना," ते म्हणाले आणि थांबले. समोर मिश्राईनबाई बादली विसळत होत्या, त्यांचा हातही थांबला. "मी लंडनवरून लिहिलं, अक्रावरून लिहिलं. परीक्षेत नापास झालो तेबी लिहिलं. बायको आजारी होती तेबी लिहिलं. लाज नाई वाटली, कारन की हा माह्या खोलीतला मानूस. अन् यानं मले सारं चांगलंच लिहिलं. सारं चांगलंच." त्यांनी बाजेची दोरी ओढून सरळ केली. "मले जगानं जज केलं ते ठीक आहे. पन यानंबी मले जजच केलं. दोस्त नाई ठेवलं."

निकाल काय, असं विचारायचं मला धाडस झालं नाही. काकांनी माझ्या हातातून वही घेतली, मिटली आणि आत निघून गेले.

सकाळी बाबा कामाला निघाले तेव्हा काकाही सायकल बाहेर काढताना दिसले. रोजचाच खाकी शर्ट, खिशाला गेटपास.

मी त्या दिवशी कॉलेजला गेले नाही. संध्याकाळी बाबा आले ते दारातूनच सांगू लागले. "आमी वरती होतो, साखळी बांधून राहिलो होतो. खाली पाहुने चालले, डोक्यावर टोप्या घालून. तं एक उंच काळा साहेब लाइन सोडून एकदम बाजूले गेला. सिक्युरिटीवाला धावला. पाहतो तं लांजेवार! दोघं उभे. बोलून नाई राहिले, काही नाई. नुसते उभे!"

"मंग?" आईने विचारलं.

"मंग काय, फोरमन ओरडला. आमी साखळी बांधली."

पुढचं मला काकांनीच सांगितलं, दिवे लागायच्या वेळी. मी विचारलं नव्हतं. मी फक्त बाजेच्या कडेला जाऊन बसले होते.

"मी म्हटलं, मी वकील नाई. कारकून आहे. तं तो म्हंते, मले माहीत आहे." काकांनी चष्मा काढून हातात घेतला. "मी इथं आलो त्या साली त्याचं एक पत्र वापस गेलं होतं. लॉजवाल्याले मी इथला पत्ता सांगितला नव्हता अजून. डाकवाल्यानं पाकिटावर लिहून दिलं, वकिली सोडली, भिलाईले कारखान्यात गेले. तवापासून त्याले माहीत."

"मंग त्यायनं वकील म्हणूनच कावून लिहिलं?"

"तेच विचारलं मी. तं म्हंते, तुले सांगाचं असन तवा तू सांगशीन. मले घाई नव्हती."

नळावर आता कोणी नव्हतं. टोपलीभर कोळसा पेटवून आईने शेगडी बाहेर आणून ठेवली होती, तिचा धूर आमच्या दोघांवरून गेला.

"मी त्याले म्हटलं, घरी चाल, चहा घे. पन टाइम नव्हता त्यायले. मोटार लागली होती."

एवढं बोलून ते उठले आणि आत गेले. स्टोव्हचा आवाज आला. इतक्या वर्षांत मी त्यांच्या बाजेवर शंभरदा बसले असेन, पण त्यांनी चहा कधी विचारला नव्हता. पक्षकारांना चहा पाजायचा नाही असा कोर्टाचा नियम असावा, असंच मी धरून चालले होते.

ते दोन कप घेऊन बाहेर आले. एक त्यांचा नेहमीचा, कान तुटलेला. दुसरा नवा, निळ्या फुलांचा. त्याच्या बुडाला दुकानात गुंडाळलेल्या गवताची काडी अजून चिकटलेली होती. नवा कप त्यांनी माझ्यासमोर ठेवला.

"घे," ते म्हणाले. "कोनी तं प्याले पाहिजे त्याच्यातून."