मुंगूस छाप

सबंध निपाणीत शुद्ध इंग्रजी लिहिणारा माणूस एकच, आणि तो मी! हे गर्वाने सांगत नाही. दुसरा कोणी असता तर मलाच बरं वाटलं असतं. निदान बोलायला सोबत झाली असती.

बेळगावच्या एका हायस्कुलात मी उभी हयात इंग्रजी शिकवलं. पेन्शनीत निघालो, पाठोपाठ बायको गेली, आणि लेक सरोजिनी लग्न होऊन थेट नागपूरला. मग त्या रिकाम्या घरात बसून करायचं काय, म्हणून निपाणीत एक खोली घेतली. इथे मला कुत्रं ओळखत नव्हतं. तेव्हा मी गावाच्या चुका काढायला लागलो. हसू नका! चूक दाखवायची म्हणजे माणसाला थांबवावं लागतं, चार वाक्यं बोलावी लागतात, आणि तोही चिडून दोन वाक्यं उलट बोलतो. एखादी बरी चूक सापडली की माझी संध्याकाळ सुखात जायची.

आणि चुकांना काय तोटा! आमच्या वेळी साहेबाला साधा रजेचा अर्ज करायचा तरी 'आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक' इथपर्यंत वाकून मग सही ठोकायची. आताची पोरं नुसतं 'युवर्स' लिहून मोकळी! सर्व्हिस मोटारीच्या पाटीवर 'नाइट'चं स्पेलिंग एन-आय-टी-ई! मी मोटारवाल्याला हटकलं, तर म्हणतो, "अमेरिकेत आसंच लिवत्यात, मास्तर." याने अमेरिका पाहिली कुठे? याची मोटार कोल्हापूरच्या पुढे जात नाही!

पण या सगळ्यावर कळस होता तो ज्योतिबाअण्णांच्या विड्यांच्या लेबलाचा.

अण्णांचा विड्यांचा कारखाना होता. पुढे दुकान, मागच्या पडवीत विड्या वळणाऱ्या बायका. दुकानात एक खुर्ची होती. खुर्ची अण्णांचीच, पण दुपारच्या चहाला ती मोकळी असायची आणि मी तिच्यावर बसायचो. अण्णा तंबाखू चिमटीत चोळून वास घेत विचारायचे, "मग मास्तर?" बस, एवढंच. पण दिवसभरात मला कोणी विचारलेला तो एकमेव प्रश्न असायचा. त्या खुर्चीसाठी मी काय वाटेल ते केलं असतं. आणि केलंही!

विडीचं नाव मुंगूस छाप. लेबलावर झुपकेदार शेपटीचं मुंगूस, आणि खाली इंग्रजीत 'मुंगूस बिडी, बेस्ट क्वालिटी, प्युअर टोबॅको'. त्यातलं 'मुंगूस' एम-यू-एन-जी-यू-एस! 'क्वालिटी' के-ओने सुरू! 'प्युअर' म्हणजे पी-वाय-ओ-आर! मला रोज त्या लेबलांच्या गठ्ठ्याकडे पाठ करून चहा प्यावा लागे.

एक दिवस लेबलं संपत आली. मी पेन्शनीच्या कामाला बेळगावला निघालो होतो.

"मास्तर, छापखान्यात येवढा नमुना देऊन या की," अण्णा म्हणाले. "हाय तसंच छाप म्हनावं."

"अण्णा, अगदी निश्चिंत असा!" मी म्हणालो.

छापखान्यात मी एकेक शब्द स्वतः उभा राहून शुद्ध करून घेतला. 'मंगूस' एम-ओ-एन-जी-ओ-ओ-एस-ई, ऐटीत! आता शुद्ध इंग्रजीला जागा थोडी जास्तच लागते. अक्षरांचे खिळे जुळवणारा म्हणाला, "ओळ लांबली, मास्तर. मुंगसाची शेपटी छाटावी लागेल."

"छाटा!" मी म्हणालो. "शेपटीला स्पेलिंग नसतं."

लेबलं आली. अण्णा तेव्हा भाच्याच्या लग्नाला गेले होते. पडवीतल्या बायकांचा मुकादम मष्णू. त्याने बंडलांना लेबलं डकवून घेतली आणि माल घेऊन तो खानापूरकडच्या बाजारांना गेला. अण्णा परत आल्यावर कसे चकित होतील, या विचाराने मला दोन रात्री झोप नव्हती.

ते चकित झालेच! कारण ते परतले त्याच दिवशी मष्णूही परतला, सगळा माल घेऊन, आणि सदऱ्याची एक बाही जांबोटीच्या बाजारात ठेवून.

"अण्णा, मला चोर म्हनून धरलंतं!" तो ओरडला. "लोक म्हनत्यात, ह्यो मुंगूस खोटा हाय! शेपूट कुठाय? आनि खालच्या वळीत चिकटून दोन गोल कुठनं आलं? मूळ मुंगसाला न्हवतं!"

आता बघा, त्या लोकांना इंग्रजी सोडा, मराठीसुद्धा वाचता येत नव्हतं. पण विडी घेताना ते लेबल चेहऱ्यासारखं ओळखायचे. एकदा कोणीतरी नकली मुंगूस विकला होता, तेव्हापासून प्रत्येकजण बंडल उन्हात धरून बघायचा. शेपटीचा झुपका आणि त्याखालची अक्षरांची ती वाकडी रांग जुळली तरच माल खरा!

अण्णांनी लेबल पाहिलं, मग मला पाहिलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी उठून खुर्ची उचलली आणि माळ्यावर टाकली.

"उद्यापासनं येऊ नगा, मास्तर."

त्या दिवशी मी खोलीवर गेलो आणि स्वतःलाच मोठ्याने विचारलं, "मग मास्तर?" इतकं एकटं मला बायको गेली तेव्हाही वाटलं नव्हतं, कारण तेव्हा निदान लोक भेटायला येत होते.

पण मी मास्तर! वर्गाला कळलं नाही तर पुन्हा शिकवायचं! लोकांची समजूत घातली, की माल खपेल आणि खुर्ची खाली येईल. मष्णूच्या हातापाया पडून थोडी बंडलं घेतली, त्यालाही बरोबर घेतला आणि नंदगडचा बाजार गाठला. एका उपड्या खोक्यावर चढलो.

"बंधूंनो! हाच खरा मुंगूस आहे! जुना अशुद्ध होता!"

गर्दी जमली. इतकी माणसं माझ्यासमोर कित्येक दिवसांत उभी राहिली नव्हती. मला जोर चढला.

"हे लेबल छापलं कुनी?" भावकू नावाच्या एका दांडग्या शेतकऱ्याने विचारलं.

"मी!" मी छाती फुगवून म्हणालो. "माझ्या देखरेखीखाली! शेपटीसुद्धा मीच छाटायला सांगितली!"

"घावला!" भावकू गरजला. "खोटा मुंगूस करनारा ह्योच की रं!"

पुढचं काही मला आठवत नाही. एवढंच कळलं, की खोका खाली राहिला आणि मी वर होतो. लोकांनी मला उचलून चावडीत नेऊन बसवलं. गावच्या भरमू पाटलांनी मष्णूला निपाणीला पिटाळलं. "मालकालाच घिऊन ये. तवर ह्यो हितंच."

आणि काय सांगू, लाज वाटते, पण मला तिथे बरं वाटलं! सगळा गाव चोर बघायला येत होता. विचारील त्याला मी इंग्रजी समजावून सांगत होतो. कोणी आपलं नाव इंग्रजीत लिहून घेतलं, कोणी म्हशीचं! दुकानवाल्या गुणाबाईंनी भाकरी आणि झुणका आणला.

"चोर झाला म्हनून काय, उपाशी ठेवाचा व्हय?" त्या पाटलांवर खेकसल्या. मग मला म्हणाल्या, "घरात वाट बघत आसतील की रं, बाबा?"

"कोणी नाही," मी म्हणालो.

गुणाबाईंनी आणखी एक भाकरी वाढली.

शेवटी पाटलांनाच दया आली. "म्हातारं मानूस हाय. देऊ का सोडून?"

"छे छे!" मी घाईने म्हणालो. "नीट चौकशी करा! गडबड कशाला?"

दुसऱ्या दिवशी अण्णा आले. धुळीने माखलेले, रागाने लाल. पाटलांनी बंडल पुढे केलं. "माल तुमचा का?"

"माल माजाच. लेबल चुकलंय. बदलून देतो."

"आनि ह्यो मानूस? ह्यो तुमचा कोन?"

मी मान खाली घातली. खरंच, मी कोण त्यांचा? ना भाऊ, ना नोकर. फुकटचा चहा पिऊन त्यांच्या विडीची अब्रू घालवलेला एक परका मास्तर. अण्णा 'कोणी नाही' म्हणाले असते तर ते अगदी शुद्ध, बिनचूक उत्तर झालं असतं.

अण्णांनी खांद्यावरची धूळ झटकली.

"मास्तर हाय आमचा," ते म्हणाले. "येडा हाय. पर आमचा हाय."

मला सगळ्यांदेखत रडू फुटलं. भावकूला वाटलं, त्याने उचललं तेव्हा कुठे लागलं असेल. त्याने बिचाऱ्याने माझी पाठ चोळून दिली.

परत येताना बेळगावला आम्ही छापखान्यात गेलो. खिळे जुळवणाऱ्याने जुना नमुना पाहून नाक मुरडलं. "मास्तर, यात पुन्हा त्याच चुका आहेत."

"आहेत तशाच लावा!" मी कडाडलो. "एक जरी शुद्ध झाली तर याद राखा! आणि शेपटी आधी!"

खोलीवर आल्यावर मनाची टोचणी म्हणून इंग्रजी शब्दकोश उघडला. मंगूस हा शब्द साहेबाने म्हणे आपल्या मराठीतूनच उचलला आहे! म्हणजे मूळ जनावर अण्णांचं, आणि चुकीचं लिहिलं साहेबाने. मी हे कोणाला बोललो नाही. तुम्हीही बोलू नका.

दुसऱ्या दिवशी दबकत दुकानाशी गेलो. खुर्ची खाली आली होती. तिच्या पाठीवर मष्णूने पोत्यांवर खुणा करायच्या शाईने ठळक इंग्रजी अक्षरं काढली होती, दुसरं कोणी बसू नये म्हणून: एम-ए-एस-टी-ए-आर.

माझा हात सवयीने खिशातल्या पेन्सिलीकडे गेला.

"मग मास्तर?" अण्णांनी विचारलं.

"काही नाही, अण्णा," मी म्हणालो, आणि चुकीला पाठ टेकून बसलो. शाई ओली होती. कोटाच्या पाठीवर ते नाव उलटं उमटलं आहे. धोब्याने दोनदा विचारलं, पण मी कोट धुवायला टाकलेला नाही.