सावातारीचं घरगुती घड्याळ

सावातारीने घड्याळ बनवायला घेतलं ते आपल्याला जमतं का, एवढंच पाहायला. मूळ घड्याळ त्याने दुकानाच्या काचेआड पाहिलं होतं. तिथे किंमत लिहिलेली नव्हती, 'आत येऊन विचारा' अशी पाटी होती. आत जायचं धाडस नव्हतं, म्हणून त्याने ते बाहेरूनच पाठ केलं. यंत्र तयार मिळालं. तबकडी त्याने पितळेच्या पत्र्यातून कापून घासली. पोलादी काटे गॅसवर तापवले: आधी पिवळे, मग तपकिरी, जांभळे आणि एका श्वासापुरते निळे. तो श्वास चुकला की राखाडी. मूठभर काटे वाया गेल्यावर एक जोडी निळ्यावर थांबली. तबकडीवर मात्र त्याने नाव घातलं नाही. दुसऱ्याचं घालणं ही चोरी, आणि स्वतःचं घालायची लाज वाटली.

घोटाळा केला तो त्या कोऱ्या जागेने.

जपानमधल्या सुवा गावात झडपा बनवणाऱ्या कारखान्यात सावातारी विक्री विभागात होता. त्याचा जीव मात्र मोजमाप खोलीत अडकला होता. तिथे एक जागा रिकामी झाली होती आणि त्याचा बदलीचा अर्ज मुकाईयामासाहेबांच्या टेबलावर पडून होता.

त्याच आठवड्यात कितात्सुमे नावाचे मोठे गिऱ्हाईक आले. दोन्ही हातांनी कार्ड पुढे करताना सावातारीची बाही वर सरकली. कितात्सुमेंनी मनगट पाहिलं आणि ते वाकले. साहेबांपुढे वाकले होते त्याहून चांगले वीतभर खाली.

साहेबांनी हे पाहिलं. मग मनगट पाहिलं. नाव नाही! नाव असलेली घड्याळंच परवडत नाहीत. ज्याला नाव लिहायची गरज वाटत नाही ते केवढ्याचं असेल?

दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, "अहो सावातारी, ती बॅग राहू द्या. मी घेतो."

सावातारीने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. कालपर्यंत तो 'अरे' होता.

शेजारच्या टेबलावरची मोमोसे कुजबुजली, "कुणाचा मुलगा आहेस ते आधी सांगायचंस. रोज तुला कॉफी आणायला पाठवलं नसतं."

"माझे वडील बस चालवतात गं."

"हो का? सगळ्या स्वतःच्याच असतील."

बैठकीत त्याला दारापासून सर्वांत लांबच्या, मानाच्या जागी बसवलं. बदलीचं विचारलं तर साहेब कळवळले. "मोजमाप खोलीत? त्या गारठ्यात दिवसभर उभं राहायचं? तुमच्या घरचे काय म्हणतील आम्हाला?"

आता मात्र सावातारी घाबरला. "साहेब, हे घड्याळ अगदी साधं आहे. फावल्या वेळात मीच केलंय. काही खास नाही."

साहेबांनी डोळे मिटून मान डोलावली. ते स्वतः महागातलं खरबूज भेट द्यायचे तेव्हा 'काही नाही हो, उगीच आपलं' असंच म्हणायचे. "केवढे हे संस्कार," ते म्हणाले.

"पितळेचा पत्रा आहे हो नुसता."

"आणि केवढा विनय."

सावातारीला यात एक नियम दिसू लागला. घड्याळाला जितकं खाली आणावं तितका त्याचा भाव वर चढत होता. हे कुठे थांबतं हे पाहायची त्याला उत्सुकताही वाटली असती, पण अर्ज तिथेच धूळ खात होता.

पुढच्या आठवड्यात कितात्सुमे पुन्हा आले, या वेळी चष्मा लावून. "मागच्या खेपेला चष्मा विसरलो होतो," ते सावातारीला म्हणाले. "इतका वाकलो तरी ती रेघ नीट दिसेना. काचेला तडा गेलाय का तुमच्या?"

साहेबांनी झडपा तपासायचं भिंग काढलं आणि मनगट हातात घेतलं.

"सावातारी, तुमच्याकडे मांजर आहे?"

"आहे साहेब."

"पांढरं?"

"पांढरंच."

"अरे," साहेब म्हणाले, आणि त्या एका 'अरे'ने सावातारीला घरी आल्यासारखं वाटलं. "म्हणजे तू खरंच घरी बनवलंस हे?"

"तेच तर सांगत होतो, साहेब."

"सांगत होतास म्हणूनच विश्वास बसला नाही. आणि ज्याला काचेखाली केस राहिलेला कळत नाही, तो मोजमाप खोलीत जाऊन काय दिवे लावणार?"

"तिथे मांजर नाही ना, साहेब."

कितात्सुमे इतके हसले की गिऱ्हाइकाच्या मानासाठी साहेबांनाही हसावं लागलं. हसता हसता अर्जावर शिक्का बसला. बॅग पुन्हा सावातारीच्या खांद्यावर आली.

सोमवारी मोजमाप खोलीच्या दारात तिथल्या प्रमुख करासावाबाई उभ्या होत्या. त्यांनी मनगटाकडे बोट केलं. "काढ ते."

"बाई, हे मी स्वतः बनवलेलं..."

"स्वतःचं असो नाहीतर बादशहाचं. आत घड्याळ चालत नाही. कुठे घासलं तर झडपेवर ओरखडा."

सावातारीने घड्याळ बाहेरच्या फळीवर ठेवलं. "मग आत किती वाजले हे कसं कळतं?"

"भूक लागली की बारा." बाईंनी त्याला नखशिखांत न्याहाळलं. "तुझं पोट किती पुढे धावतं ते आठवडाभर पाहू. मग तेवढं वजा करायचं."