मालकांची जागा

विकायला काढलेल्या गाडीतून गिऱ्हाइकालाच त्याच्या घरी सोडायचं आणि गाडी घेऊन परत यायचं, असला व्यवहार कुणी पाहिलाय का? आक्कांच्या नवऱ्याने तो आतापर्यंत तीनदा केला होता.

पहिला आला तो वकील. गाडी चालवून बघतो म्हणाला. म्हाताऱ्याने अदबीने मागचा दरवाजा उघडला, वकील भारल्यासारखा आत बसला, आणि गावातून एक चक्कर मारून त्याला त्याच्या बंगल्याच्या फाटकाशी उतरवण्यात आलं. दुसरा हॉटेलवाला, त्याला हॉटेलात पोचवलं. तिसरा परगावचा, म्हणून त्याला स्टेशनवर सोडला, वर त्याची बॅग डब्यात चढवून दिली. तिघेही खूश होऊन गेले. गाडी मात्र कुणीच घेतली नाही.

"अहो, विकणं म्हणजे काय, कुणी सांगितलंय का तुम्हाला?" आक्कांनी जिन्याच्या वरच्या टोकावरून विचारलं होतं.

"मुद्दाम नाही केलं गं," म्हातारा खालून म्हणाला. "माणूस बसला की त्याला सुखरूप पोचवायचा. हात आपोआप वळतात."

हात वळणारच. म्हाताऱ्याची सगळी नोकरी कारखान्याच्या मालकांची गाडी चालवण्यात गेली. गाडी विलायतेत घडलेली, गर्द हिरव्या रंगाची, लांब नाकाची. आत लाकूडकाम असं की आक्कांच्या लग्नातल्या कपाटालाही तसं नव्हतं. मालक गेले, त्यांच्या मुलांना नव्या गाड्या हव्या होत्या, त्यांनी ही म्हाताऱ्याला देऊन टाकली. म्हातारा ती घरी घेऊन आला आणि मागच्या सीटवर पांढरी चादर अंथरून मोकळा झाला. ती मालकांची जागा. तिथे घरच्यांनी बसायचं नाही. मग कुठे जायचं झालं की पुढच्या एका सीटवर आक्का, मांडीवर मुलगी, पायाशी मुलगा, आणि मागे ती चादर एकटी ऐसपैस. आक्कांचे गुडघे त्या दिवसांतच कामातून गेले, असं त्यांचं ठाम मत होतं. डॉक्टरांचं वेगळं होतं, पण डॉक्टर त्या गाडीत कधी बसले नव्हते.

आता गुडघे जिना चढू देत नव्हते, उतरूही देत नव्हते. हिवाळ्यापासून आक्का वरच्या मजल्यावर अडकल्या होत्या. गॅलरीतून खाली बघायचं, तर माणसांचे चेहरे दिसत नाहीत, नुसते भांग आणि टकलं दिसतात. सगळ्या गल्लीला हुकमात ठेवलेल्या बाईने टकलांकडे बघून दिवस काढायचे? खालची एकच खोली, आणि तिच्यात ती गाडी. तीच आक्कांना राहायला नीट करून घ्यायची म्हणून मुलाने गवंडी ठरवला, म्हाताऱ्यानेही गाडी विकायला होकार दिला. पण गवंड्याने काल निरोप पाठवला होता, रविवारी खोली रिकामी दिसली नाही तर दुसरीकडे कामाला जातो, मग पावसाळ्यानंतर बघू.

आज शनिवार. चौथं गिऱ्हाईक यायचं होतं, दातांचा डॉक्टर. हाही हातचा गेला तर पावसाळाभर वरच. आणि पावसाळा संपेपर्यंत गुडघ्यांनी काय ठरवलेलं असेल कोण जाणे.

"सूनबाई, मला खाली ने," त्या म्हणाल्या.

"आई, उतराल, पण परत वर कशा याल?"

"ते नंतर बघू. मी बरोबर गेले नाही तर तुझा सासरा त्याला दवाखान्यात सोडून येईल."

सुनेच्या खांद्यावर भार टाकत, एकेका पायरीला म्हाताऱ्याचा उद्धार करत आक्का खाली आल्या. डॉक्टर आलाच होता. तरुण, हसरा, हातांचा चाळा करणारा. म्हाताऱ्याचा हात मागच्या दरवाज्याकडे निघालेला आक्कांनी वाटेतच धरला.

"डॉक्टर, तुम्ही चालवा. हे तुमच्या शेजारी बसतील. मी मागे बसते."

म्हाताऱ्याचा चेहरा पडला. "मागे? अगं, ती मालकांची..."

"मालकांना जाऊन जमाना झाला. उठायला सांगायला येणार आहेत का?" आक्कांनी चादर ओढून काढली आणि आत बसल्या.

बसल्या, आणि पाठ टेकली. सीटने त्यांना अलगद कुशीत घेतलं. पायांखाली मऊ उशीसारखा आधार होता. गुडघे कुठे आहेत तेच कळेना. पण डॉक्टरने गाडी सुरू केली आणि काळजी पुन्हा येऊन छातीवर बसली. म्हातारा शेजारच्या सीटवरून नसलेला ब्रेक दाबत होता, वळण आलं की खिडकीतून हात काढून खूण करत होता.

"हळू, साहेब. तिला घाई चालत नाही. गियर असा खेचायचा नाही, विनवायचा."

"अहो, त्यांना चालवू द्या," आक्का मागून दटावत होत्या.

विनवून विनवून डॉक्टरला घाम फुटला. चौकात गाडी बंद पडली. मागे हॉर्नचा कालवा सुरू झाला. डॉक्टरने दोनदा चावी फिरवली, तिसऱ्यांदा हात काढूनच घेतला.

"काका, जरा तुम्हीच घ्या."

आक्कांच्या तोंडचं पाणी पळालं. "नका देऊ, डॉक्टर," त्या म्हणेपर्यंत म्हातारा उतरून वळसा घालून आलाही होता. त्याने डॉक्टरला उतरवलं, मागचा दरवाजा उघडला, किंचित वाकला. डॉक्टर हॉर्नच्या धसक्याने मुकाट आत शिरला, आक्कांच्या शेजारी. दरवाजा लागला. गाडी लोण्यासारखी निघाली.

"पुढच्या कोपऱ्यावर जागा बदला," आक्का कडाडल्या. पण बोलताना त्यांचा हात गालाकडे गेला आणि डॉक्टरची नजर तिकडे वळली.

"काकू, दाढ दुखते का? बघू, आ करा. आणखी मोठा."

त्याने मोबाइलचा उजेड आत पाडला आणि बोटाने गाल बाजूला ओढून धरला. त्याच्या खांद्यावरून आक्कांना रस्ता दिसत होता. कोपरा आला, गेला. मग लांबून एक पाटी दिसायला लागली. अक्षरं आक्कांना वाचता येत नव्हती, पण पाटीवर भलामोठा दात काढलेला होता, आणि तो दात जवळ जवळ येत होता.

"आ... आ..." आक्का म्हाताऱ्याच्या मानेकडे बोट दाखवून ओरडल्या.

"मानेपर्यंत कळ जाते? वाटलंच मला," डॉक्टर म्हणाला.

गाडी दाताखाली थांबली. म्हाताऱ्याने उतरून दरवाजा उघडला. डॉक्टरही सवयीचा असल्यासारखा उतरला. आत पेशंट खोळंबले होते.

"डॉक्टर, गाडीचं काय?" तोंड मोकळं होताच आक्का म्हणाल्या.

"गाडी झकास आहे, काकू. पण माझ्या हातात ती चालणार नाही. काकांसकट देत असाल तर सांगा. आणि ती दाढ काढावी लागेल." तो हसत आत गेला.

आक्कांना रडूच यायचं बाकी होतं. रविवार गेला, गवंडी गेला, आता तो जिना आणि ती टकलं. त्या एवढंच म्हणाल्या, "घरी घ्या."

"होय, बाई," म्हातारा पुढून म्हणाला.

आक्का दचकल्या. घरात काहीही सांगितलं तर म्हातारा आधी का म्हणायचा, मग कशाला म्हणायचा, मग ऐकूच आलं नाही म्हणायचा. त्यांनी डोळे पुसले आणि बिचकत म्हटलं, "काच खाली करा."

काच खाली झाली.

"बाजारातून घ्या. सावकाश. आणि हॉर्न वाजवायचा नाही."

"बरं, बाई." नजर रस्त्यावर, पाठ ताठ. मागच्या सीटवरून आलेलं बोलणं त्या माणसाने जन्मात कधी मोडलं नव्हतं. इतकी वर्षं आक्का स्वयंपाकघरातून ओरडत होत्या; जागा चुकली होती. बाजारातल्या बायका वाकून आत बघायला लागल्या. हिवाळ्यानंतर पहिल्यांदाच आक्कांना त्यांचे चेहरे दिसले. दोघीतिघी जाड झाल्या होत्या. ते त्यांनी खिडकीतून लगेच सांगितलं.

गाडी घराशी थांबली. म्हाताऱ्याने दरवाजा उघडला, डोकं आपटू नये म्हणून वर हात धरला. आक्का हलल्या नाहीत. पुढच्या सीटच्या पाठीला लाकडी फळी होती, ती त्यांनी खाली ओढली. छोटंसं टेबल झालं. मटार सोलायला बरं होतं.

"गाडी विकायची नाही," त्या म्हणाल्या.

म्हाताऱ्याचे डोळे चमकले.

"पण ती आजपासून बाहेर, भिंतीलगत उभी राहील. आतली खोली उद्या गवंड्याच्या ताब्यात."

"अगं, बाहेर उन्हात तिचा रंग..." म्हाताऱ्याने तोंड उघडलं. मग त्याने आक्का कुठे बसल्या आहेत ते पाहिलं, आणि टाचा जुळवल्या. "होय, बाई."

आक्कांनी त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"नवरा म्हणून तुम्ही कसे निघालात ते मी आता सांगत नाही, शेजारीपाजारी ऐकताहेत," त्या म्हणाल्या. "पण ड्रायव्हर म्हणून तुम्हाला नाव ठेवायला जागा नाही. यापुढे घरातलं काहीही सांगायचं असलं, की मी इथे येऊन बसेन."