उमाळेकाकांचं सार्वमत

उमाळेकाकांनी आजवर दोन राज्यं वेगळी करायला घेतली. दोन्ही अजून जागच्या जागी आहेत, आणि काकांचा उत्साहही.

पहिलं राज्य विदर्भ. नागपुरात शाळामास्तर असताना त्यासाठी त्यांनी मोर्चे काढले, भिंती रंगवल्या. मग गणिताचे शिक्षक म्हणून स्कॉटलंडमध्ये स्टर्लिंगला आले आणि इथे येऊन बघतात तर काय, इथलेही लोक वेगळं व्हायचं म्हणतायत! काकांना घरी आल्यासारखं वाटलं. "वीज आमची, कोळसा आमचा, अन् दिवे लागतात मुंबईत. इथंही तेच बाप्पा! वारा यांचा, तेल यांचं, अन् हिशेब लंडनला." आणि मग माझ्याकडे बघून, "तुम्ही पुण्याचे लोक म्हणजे आमचं लंडनच."

मी त्यांची शेजारीण. जन्मानं पुण्याची, नोकरीनं इथल्या बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये. या दोन गुन्ह्यांसाठी काकांनी मला कधीही माफ केलेलं नाही.

दर शनिवारी माकडटोपी घालून काका हाय स्ट्रीटवर घडीचं टेबल मांडतात. टेबलावर 'येस'चे बिल्ले, पत्रकं आणि डब्यात चिवडा. पत्रक घेतलं तरच चिवडा मिळतो. एकदा एका गृहस्थांनी ऐकवलं, की सार्वमत एकदा झालं, तुम्ही हरलात, असली गोष्ट पिढीत एकदाच होते. काकांनी चमचा खाली ठेवला. "पिढीत एकदा? हे कोणी ठरवलं? माणसाचं मन बदलते, परिस्थिती बदलते. बदलली की पुन्हा विचारायचं. लोकांना वाटेल तेव्हा!" हे सगळं नागपुरी इंग्रजीत. गृहस्थ गप चिवडा घेऊन गेले, पत्रक न घेता. काकांना त्याचंच जास्त लागलं.

त्यांचं पालुपद एकच, "आपलं आपण पाहून घेऊ ना जी!" स्कॉटलंडचं संरक्षण कोण करणार? आपलं आपण पाहून घेऊ. काका, गटार तुंबलंय, कौन्सिलला फोन करू? आपलं आपण पाहून घेऊ. चार वर्षांपूर्वी काकू गेल्या. त्यांची मुलगी वैशाली तेव्हा इंग्लंडमधल्या रीडिंग गावाहून येऊन महिनाभर राहिली आणि निघताना म्हणाली, "बाबा, चला माझ्याबरोबर." तिलाही हेच उत्तर मिळालं.

काकू गेल्यापासून मात्र रोज सकाळी आठला, नेमका माझा चहा उकळत असताना, ते नवीन पत्रकाचा मसुदा घेऊन दारात उभे राहायचे. "हे वाक्य पाहून घे जरा." अहो, मला साडेआठची मीटिंग असते! मी एका हातानं चहा गाळायची, दुसऱ्या हातानं स्वल्पविराम द्यायची आणि मनातल्या मनात चरफडायची.

या फेब्रुवारीत काका दारातच बर्फावरून घसरले. मनगट मोडलं. अर्धा तास तिथेच पडून होते, कारण हाक मारणं तत्त्वात बसत नव्हतं. वैशाली मिळेल त्या ट्रेननं धावत आली. तिनं बॅग खाली ठेवायच्या आधीच सांगितलं, "बाबा, बस झालं. घर विकायचं आणि रीडिंगला यायचं."

"कोणत्या अधिकारानं?"

"मुलगी आहे मी तुमची! फोन उचलला नाहीत की माझे हातपाय गळतात. सात-आठ तासांवर आहे मी. अजून काय अधिकार हवा?"

"हे विलीनीकरण आहे," काका म्हणाले. "लोकांना विचारल्याशिवाय होत नसते. सार्वमत घ्या!"

आणि खरंच घेतलं हो. तारीख ठरली ईस्टरच्या सुट्टीची. चिठ्ठीवर प्रश्न एकच: काकांनी इथेच स्वतंत्र राहावं का, होय की नाही? मतदार पाच: काका, वैशाली, जावई सुहास, नात इरा आणि मी. इरा सोळाची. "इथे सोळाव्या वर्षी मत आहे, तुमच्या रीडिंगसारखं नाही," काकांनी ऐकवलं. मतमोजणी माझ्याकडे, कारण पुण्याच्या माणसाला दुसऱ्याच्या चुका मोजायची सवय असते म्हणे.

मग महिनाभर प्रचार. प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून काका डाव्या हातानं पत्रकं लिहीत. 'स्वतंत्र उमाळे: होय!' गोळ्या? डबीवर वार लिहिलेत. बर्फ? मीठ आणून ठेवलंय. एकटेपणा? या प्रश्नापुढे त्यांनी लिहिलं, 'विरोधकांनी पसरवलेली भीती.' फोनवरून वैशालीही हटेना. तिची खोली तयार होती, नवीन पडदेही लावले होते. माझी पार पंचाईत. दोघंही मलाच फोन करून विचारायचे, समोरच्याचं काय चाललंय?

मतदानाच्या दिवशी फ्रिज आणि भिंतीच्या मध्ये पुठ्ठा लावून बूथ केला. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याला भोक पाडून मतपेटी झाली. ती उघडून, रिकामी आहे हे सगळ्यांना दाखवून, मेणानं बंद केली. मास्तर असताना इलेक्शन ड्यूटी करून करून काकांच्या अंगात ते सगळं भिनलेलं.

"फुली मारा. मग घडी. आधी उभी, मग आडवी. शाई ओली असली तर दुसऱ्या खान्यात उमटते, अन् मत बाद होते."

"बाबा, पेन्सिल आहे ही!"

"नियम म्हणजे नियम."

"आबा, पण तुझा घर खूप थंड आहे," इरा कुडकुडत तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली.

"मतदान केंद्रात प्रचार नाही!"

एकेक जण बूथमध्ये जाऊन आला. काका शेवटी गेले. बराच वेळ लागला. मी म्हटलं, हात दुखत असेल.

मी डबा फोडला. पहिली चिठ्ठी बोळा केलेली. होय. दुसरी नुसतीच दुमडलेली. होय. तिसरी माझी, मीही होयच दिलं होतं. चौथ्या चिठ्ठीची आडवीच घडी होती, आणि फुली एवढी जोरात की कागद फाटलेला. होय.

वैशाली रडायलाच लागली. "माझं आहे ते, बाबा. महिनाभर तुम्ही इतकं लढलात... तुम्हाला ओढून नेलं तर तिथे येईल ते माझे बाबा नसतीलच, असं वाटलं. राहा तुम्ही इथेच. मी पडदे काढते."

काकांनी जिंकलेल्या माणसासारखं काहीच केलं नाही. टेबलाचा कोपरा पुसत बसले.

पाचवी चिठ्ठी राहिली होती. मी ती हातात घेतली. आधी उभी घडी, मग आडवी. कडा नखानं दाबलेल्या. आत डाव्या हातानं मारलेली वेडीवाकडी फुली. नाही.

"चार विरुद्ध एक," मी कसंबसं म्हटलं आणि चिठ्ठी मुठीत धरली.

सगळ्यांनी सुहासकडे पाहिलं. "अहो, तुम्ही?" वैशाली ओरडली. "देवाशप्पथ मी नाही!" बिचारा लालबुंद झाला. काका म्हणाले, "विचारायचं नसते. मतदान गुप्त आहे." पण आवाज नेहमीचा नव्हता.

मंडळी मंगळवारी परत गेली. बुधवारी सकाळी आठ वाजले, माझा चहा उकळला, आणि काका आले नाहीत. मग मीच दोन कप घेऊन गेले. ते टेबलाशी बसले होते. समोर पत्रक नव्हतं, कागदही नव्हता.

"जिंकलात की," मी म्हटलं.

"हाव. जिंकलो." चहा घेतला नाही. "चौघंही होय देतील असं वाटलं नव्हतं. मला वाटे, वैशाली तरी पाडेल."

रोज आठ वाजता स्वल्पविराम कशाला लागायचे, ते मला, पुण्याच्या शहाणीला, चार वर्षांनी कळलं. पण रडून त्यांचा अपमान करायचा नव्हता. मी चांगलं ठणकावून म्हटलं, "काका, पिढीत एकदाच असं कोणी ठरवलं? मन बदललं की पुन्हा विचारायचं, हे तुमचंच ना?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग कप ओढून घेतला.

"फोन लाव तिला. तूच लाव. अन् हे शरण जाणं नाही, वाटाघाटी आहेत, हे आधी सांग. खोलीला आतून कडी पाहिजे. खिडकीत झेंडा लागेल, शेजाऱ्यांना चालो न चालो. शनिवारचं टेबल रीडिंगलाही मांडीन, पाहतो कोण अडवते!"

"सांगते."

"पडदे राहू दे म्हणावं." कप खाली ठेवून त्यांनी दुखरं मनगट चोळलं. "अन् सकाळचा चहा तिनं माझ्यासोबत बसून प्यावा. रोज. हे मला लेखी पाहिजे."