शेळीच्या दुधाची ट्रायल बॅच

"बावीस वर्षं केमिकलचा रिॲक्टर चालवलाय मी! अर्धा लिटर दुधाला घाबरू?" असं म्हणत भगवंतरावांनी डॉक्टरांचा सल्ला उडवून लावला. बोईसरच्या त्या स्वयंपाकघरात ऐकायला फक्त सोजराबाई होत्या. त्यांनी तांदूळ निवडायला घेतले. बायकोनं वाद घातला नाही की सावध व्हावं, एवढं नवऱ्याला कळायला हवं होतं!

नात स्वरा दोन वर्षांची. गाईच्या दुधाचा थेंब पोटात गेला की अंगभर गांधी उठायच्या, धाप लागायची. डॉक्टरांनी बजावलं होतं, "शेळीचंही नको. त्यातली प्रथिनं जवळपास तशीच असतात. उकळूनही भरवसा नाही." पण तापमान आणि वेळ सांभाळली की कुठलीही जोखीम कमी होते, ही भगवंतरावांची कारखान्यातली श्रद्धा! जवळच्या नवापूरच्या शेळीवाल्या हंसाकडून त्यांनी दूध मिळवलंच. "काका, माजं करडू उपाशी रेल," ती कुरकुरली होती.

सकाळी नऊला बॅच सुरू! डोळ्यांवर सेफ्टी गॉगल, हातात वही, दर पाच मिनिटांनी नोंद. दोन तासांनी पेलाभर दूध उरलं. "निवलं की आधी मी पिणार, मग स्वरा!" असं जाहीर करून ते अंघोळीला गेले.

डोक्याला साबण लावला तोच सोजराबाईंची हाक आली, "मी नवापूरला जाऊन येते! पोरीकडं बघा!"

ते तसेच बाहेर आले. पेला रिकामा! आणि स्वराच्या ओठांवर पांढऱ्या मिशा!

भगवंतराव ओरडले, "अरे देवा, काय करून बसलो मी!" टॉवेल, बनियन, केसांत फेस, अशा अवतारात त्यांनी पोरीला उचलून रिक्षा गाठली. "भैया, दवाखाना! जल्दी!"

डॉक्टरांनी तपासलं, तासभर नजरेखाली ठेवलं. गांध नाही, धाप नाही. स्वरा आजोबांच्या केसांतल्या फेसाशी खेळत बसली. भगवंतरावांचा जीव भांड्यात पडला आणि लगेच छातीही फुगली.

"म्हणजे डॉक्टर, माझी प्रोसेस यशस्वी?"

"कसली यशस्वी!" शेजाऱ्यांकडून कळताच धावत आलेल्या सोजराबाई दारातूनच कडाडल्या. "पोरीला मी तांदळाची पेज भरवली होती. तुमचं दूध हंसाच्या करडाला पाजून आले. त्याच्याच तोंडचं होतं ते!"

भगवंतरावांनी भर दवाखान्यात बायकोला हात जोडले. डोळ्यांतलं पाणी साबणाचं, असं मात्र सर्वांना सांगितलं.

घरी येऊन त्यांनी वहीत शेवटची नोंद केली, "बॅच रद्द. जोखीम शून्य. करडू सुखरूप." आणि दोन तास दूध आटवून करपलेलं पातेलं मुकाट्याने घासायला घेतलं.