सेंथिलच्या आजीचे कान

मुकुंदराव कुठलंही यंत्र आधी उघडत आणि मग चालू करत. मिक्सर असो, इस्त्री असो, भिंतीवरचं घड्याळ असो; दुकानातून आलेली वस्तू पहिल्यांदा जेवणाच्या टेबलावर जुन्या वेष्टीच्या, म्हणजे तिकडच्या धोतराच्या, फडक्यावर निजायची. तिचे स्क्रू एका वाटीत जमायचे आणि मुकुंदराव चष्मा कपाळावर चढवून तिच्या आत बराच वेळ बघत राहायचे. काही दुरुस्त करायचं नसे, नुसतं बघायचं. मग सगळं होतं तसं बसवून बटण दाबायचे. "पोट पाहिल्याविना ओळख कैसी?" असं त्यांचं म्हणणं.

मी पहिला मोबाइल घेतला तेव्हा मोठ्या कौतुकाने त्यांना दाखवायला खाली गेले. "बैस, कॉफी घे," असं म्हणून त्यांनी तो माझ्या हातून घेतला. कॉफी संपेपर्यंत माझ्या मोबाइलचे सात तुकडे फडक्यावर ओळीने मांडलेले होते. मी रडकुंडीला आले. ते मात्र एका तुकड्याकडे असे बघत होते, जसं कुणी नातवाच्या जावळाकडे बघावं. "काय सुंदर काम केलें आहे, पाहा," ते म्हणाले. मग तो जोडून त्यांनी मला परत दिला. चार वर्षं चालला.

ही गोष्ट दोन हजार तीन-चारच्या सुमाराची. मी साताऱ्याहून नोकरीसाठी चेन्नईला आले होते आणि वेस्ट मांबलममध्ये, स्टेशनपासून पाच मिनिटांवरच्या एका तीन मजली इमारतीत वरची खोली भाड्याने घेतली होती. खाली मुकुंदराव एकटे राहत. बायको जाऊन सात वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. पस्तीस वर्षं टेलिफोन खात्यात इंजिनियर म्हणून काढलेली. घराणं तंजावरचं, म्हणजे मराठीच. पण त्यांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी इकडे आलेले. त्यामुळे त्यांचं मराठी ऐकताना कुणी जुनी पत्रं तमिळ हेलात वाचून दाखवतंय असं वाटे. माझं मराठी त्यांना फार घाईचं वाटायचं. "तुम्ही साताऱ्याचे लोक शब्द गिळतां," ते म्हणत. "हळू बोल. माझ्याकडे पाहून बोल."

इमारतीतले सगळे त्यांना राव सार म्हणत. मी काका म्हणे.

दर रविवारी सकाळी आठला त्यांच्या हॉलमध्ये शाळा भरे. म्हणजे तीन-चार तरुण इंजिनियर येत, कुणी शिकणारे, कुणी नुकते नोकरीला लागलेले. त्यांतला नियमाने येणारा म्हणजे सेंथिल. शेवटच्या वर्षाला होता, उंच, लाजरा, आणि हात इतके मोठे की छोटा स्क्रू बोटांतून निसटायचा आणि त्याच्याच पायाखाली सापडायचा. प्रत्येकाने काहीतरी बिघडलेलं घेऊन यायचं हीच फी. मग फडकं पसरायचं, डाग देण्याची सोल्डरिंगची सळई तापायची, राळेचा धूर वर चढायचा. उन्हाची तिरीप त्या धुरातून आडवी यायची, आणि कोपऱ्यातल्या जुन्या रेडिओवर कुठल्यातरी दूरच्या देशाचं स्टेशन समुद्राच्या लाटेसारखं जवळ यायचं, लांब जायचं. त्या खोलीत बसलं की वाटे, बाहेर कुठलाही वार असला तरी चालेल.

मी पहिल्यांदा नुसती बघायला म्हणून गेले. मुकुंदरावांनी विचारलं, "तूं काय शिकलीस?"

"इलेक्ट्रॉनिक्स."

"आणि काय करतेस?"

मी सांगितलं. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या आणि तक्त्यात भरायच्या. दिवसभर तेच. खरं तर त्या महिन्यात मी घरी पत्र लिहायला घेतलं होतं, की परत येते, माझ्याने हे होत नाही. हे मात्र सांगितलं नाही.

"आपल्या हातानें काही बनविलेंस?"

"नाही."

"कां?"

"चुकलं तर?"

त्यांनी तापलेली सळई माझ्या हातात दिली. "चुकलें तर धूर येईल. धूर आला तर खिडकी उघडूं."

हे वाक्य मी पुढे त्यांच्या तोंडून शंभरदा ऐकलं. सेंथिलला ते तमिळमधून सांगत, मला मराठीतून. सेंथिलने एकदा खरोखरच धूर काढला, चांगला काळा, पडद्यापर्यंत गेलेला. मुकुंदराव उठले, खिडकी उघडली, परत येऊन बसले आणि म्हणाले, "सरी," म्हणजे ठीक, "पुढें."

त्यांच्या घरात विचित्र गोष्टी पुष्कळ होत्या. दाराच्या घंटीला पंख्याची तार जोडलेली. कुणी आलं की पंखा एक गिरकी घेई. टेलिफोनशेजारी एक लाल दिवा होता, फोन वाजला की तो लागायचा. लोक हसायचे. मीही हसले होते.

रविवारी दहाच्या ठोक्याला तो दिवा लागे. तंजावरहून त्यांच्या धाकट्या बहिणीचा, तुळसाबाईंचा फोन येई. मुकुंदराव उठून रिसीव्हर उचलत आणि एका दमात बोलत: "हां, तुळसा. मी बरा आहे. ताप नाहीं. जेवण होतें. गोळ्या घेतों. पाऊस नाहीं. तूं प्रकृतीस जप. ठेवतों." आणि ठेवून देत. अर्धं मिनिटही नाही. सेंथिल म्हणायचा, राव सारांनी तारेच्या जमान्यात नोकरी केली, शब्द मोजून वापरायची सवय गेलेली नाही.

एका रविवारी मी जरा लवकर जाऊन बसले होते. बाकीचे अजून यायचे होते. मुकुंदराव खिडकीकडे तोंड करून एका जुन्या रेडिओत डोकं घालून बसले होते. फोन वाजू लागला. ठरल्या वेळेच्या बऱ्याच आधी, आणि लाल दिवा लागला नाही. जळून गेला असावा. फोन वाजतोय, वाजतोय, आणि मुकुंदराव दोन हातांवर शांतपणे स्क्रू फिरवताहेत. मी म्हटलं, "काका, फोन." त्यांनी मान वळवली नाही. मी पुन्हा म्हटलं. मग मीच उचलला.

"कोण बोलतें?" पलीकडून बायकी आवाज आला. मी कोण ते सांगितलं. त्यावर तुळसाबाई म्हणाल्या, "अण्णा मजवर रागावले आहेत काय गो? दोन वर्षें झालीं. आपलें तेवढें सांगतात आणि ठेवून देतात. माझें एक अक्षर ऐकत नाहींत. मी काय चुकलें, तें तरी त्यांस विचार."

"नाही, रागावलेले नाहीत," एवढंच म्हटलं आणि ते बाहेर गेलेत अशी थाप मारली. ते दोन हातांवर पाठमोरे बसलेले होते.

मग मला एकेक उमगत गेलं. हळू बोल, माझ्याकडे पाहून बोल. पंख्याची गिरकी. रेडिओ लावून आम्हाला विचारणं, "आज स्टेशन कसें येतें? वर्णन करून सांग." मला वाटे, ते आमचा कान तयार करताहेत.

मी सेंथिलला जिन्यात गाठून सांगितलं. तो कठड्याला टेकला. म्हणाला, डॉक्टरकडे चला म्हटलं तर सार येणार नाहीत. ज्या माणसाने पस्तीस वर्षं नुसती खरखर ऐकून तार कुठे तुटली ते सांगितलं, तो आपल्याला ऐकू येत नाही हे कुणाला सांगेल?

त्यावर आम्ही दोघांनी एक बेत केला. पुढच्या रविवारी सेंथिल फडक्यापाशी बसला आणि मोठ्याने, सारांकडे तोंड करून म्हणाला, "सार, माझ्या आजीला ऐकू येत नाही. ती डॉक्टरकडे जायला तयार नाही. तिच्यासाठी आपण एखादं यंत्र बनवू शकतो का?"

सेंथिलची आजी कुंभकोणमला होती आणि तिला तीन घरांपलीकडचं भांडण शब्दन्‌शब्द ऐकू येई.

मुकुंदरावांनी त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी राळेच्या डबीचं झाकण बसवू लागले. ते म्हणाले, "आजीला काय ऐकूं येत नाहीं, तें आधी कळलें पाहिजे. उगाच आवाज मोठा करून उपयोग नाहीं."

"तिला ते सांगता येत नाही, सार."

"सरी," ते म्हणाले. "मी सांगतों. लिहून घ्या."

मी वही उघडली.

"आधी पक्षी जातात," ते म्हणाले. कधी माझ्यासाठी मराठीत, कधी सेंथिलसाठी तमिळमध्ये, असं ते सांगत राहिले. "एके दिवशीं सकाळीं वाटतें, आज पक्षी कां आले नाहींत. ते आलेले असतात. मग कुकरची शिट्टी जाते. मग लहान मुलें. मग बायकांचा आवाज. आवाज येतो, पण त्यांतला 'स' येत नाहीं, 'त' येत नाहीं, 'फ' येत नाहीं. भिंतीपलीकडे कोणी बोलतें आहे असें वाटतें. समोर बसलें तर ओठ पाहून चालतें. फोनवर ओठ नसतात." ते खिडकीबाहेरच्या माडाकडे बघत होते. "माणूस विचारतो, काय म्हणालीस? दोनदां विचारतो. तिसऱ्यांदा लाज वाटते. म्हणून आपणच बोलतो आणि ठेवून देतो."

राळेचा धूर माझ्या वहीवरून सरकत गेला.

"आजीचें असेंच असतें," ते म्हणाले. "पुढें. मायक्रोफोन कोणता घेणार?"

पाच रविवार ते काम चाललं. आराखडा मी केला. आयुष्यात पहिल्यांदा कोऱ्या कागदावर माझ्या मनचं काहीतरी काढलं आणि त्यांनी त्यावर तांबड्या पेन्सिलीने इतक्या खुणा केल्या की मूळ रेघा दिसेनात. तरी पुन्हा काढला. रिची स्ट्रीटच्या गल्ल्यांत सेंथिल आणि मी सुटे भाग शोधत फिरलो. पहिली पेटी इतकी शिट्ट्या मारी की वरच्या मजल्यावरच्या बाई कुकर बंद करायला धावल्या. मुकुंदराव पेटी हातात धरून निवांत बसलेले. आमचे चेहरे पाहून म्हणाले, "ओरडते काय? मग मायक्रोफोन दूर न्या."

चौथ्या रविवारी ते सहज म्हणाले, "आजीला फोनवर बोलावेंसें वाटत असेल. एक कॉइल घाला. रिसीव्हरच्या पाठीला लावली की पलीकडचें बोलणें थेट कानांत जाईल. खोलीचा गोंगाट नको." कॉइल मात्र त्यांनी स्वतः गुंडाळली. बारीक तांब्याची तार, एकावर एक वेढे. सगळी सकाळ त्यात गेली. आम्ही कुणी मदत करतो म्हटलं नाही.

त्या पाच रविवारांत मी घरचं ते पत्र पुरं केलं नाही. कुठे ठेवलं तेही विसरले.

पाचव्या रविवारी पेटी तयार झाली. साबणाच्या डबीएवढी, खिशात मावणारी, एक वायर आणि कानात घालायचं बोंड. सेंथिल ती हातात घेऊन उभा राहिला आणि पाठ केलेलं वाक्य म्हणाला, "सार, आजी नको म्हणते. ती असलं काही लावणार नाही. तुमच्याकडेच राहू दे."

"हट्टी दिसते," मुकुंदराव म्हणाले.

"फार."

"वय झालें की होतें असें." त्यांनी पेटी घेतली, टेबलावर ठेवली, पुन्हा उचलली. "वाया कशाला घालवावी," असं पुटपुटत बोंड कानात घातलं आणि बटण फिरवलं. मग ते हललेच नाहीत. बाहेर माडावर साळुंक्या कलकलत होत्या. आम्ही दोघं इकडे तिकडे बघत राहिलो.

दहा वाजता लाल दिवा लागला. नवा बल्ब त्यांनीच बसवला होता.

मुकुंदरावांनी कॉइल रिसीव्हरला लावली. "हां, तुळसा," ते म्हणाले. पुढचं ताप नाही, गोळ्या घेतो, आलं नाही. ते ऐकू लागले. मान खाली घातलेली, डोळे मिटलेले, अधूनमधून नुसतं "हं". दोन मिनिटं गेली, पाच गेली. एकदा ते हसले, एकदा म्हणाले, "कधीं? मज कोणी सांगितलें नाहीं." मग पलीकडचं बोलणं मध्येच थांबलं असावं, कारण त्यांनी एकदम डोळे उघडले.

"नाहीं, नाहीं, फोन तुटला नाहीं," ते म्हणाले. "मी आहे. ऐकतों आहे. तूं बोल."

सेंथिलने माझ्या बाहीला हळूच धरलं. आम्ही दार ओढून घेतलं आणि जिन्यात जाऊन बसलो.