मागच्या सीटचा तपासनीस

जनार्दन तात्या गाडी पाहायला गेले की पुढे बसत नाहीत. ते मागे बसतात, तेही दोन्ही पाय एका बाजूला सोडून, साडी नेसलेल्या बाईसारखे. वय अडुसष्ट, अंगात पँट-शर्ट, डोक्यावर पांढरी टोपी. पँटवरून कमरेला बायकोच्या जुन्या साडीचा अर्धा तुकडा गुंडाळलेला, मांडीवर भाजीची भरलेली पिशवी. एका हाताने पिशवी सांभाळायची, दुसऱ्याने विक्रेत्याचा खांदा धरायचा आणि म्हणायचं, "चल रं, ने आता."

कर्जतच्या शोरूममधल्या विक्रेत्याने हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं. मी तात्यांचा शेजारी. माझ्याकडे कार आहे, या एकाच कारणाने त्यांना विजेच्या स्कूटर दाखवत हिंडवणं माझ्या वाट्याला आलं होतं. मी भिंतीवरची जाहिरात वाचू लागलो.

"काका, पुढे बसा ना. चालवणार तर तुम्हीच."

"पुढं कोणी बी बसंल. मला मागचं बघायचं हाय."

विक्रेत्याने त्यांना बाजारपेठेतून एक चक्कर मारून आणली. लोक दुकानांच्या पायऱ्यांवर येऊन उभे राहिले. तात्या उतरले, कमरेचा तुकडा सोडला, त्याची नीट घडी केली आणि निकाल दिला. "माल चांगला हाय, पास नाय."

हे वाक्य आमच्या गावात सगळ्यांना पाठ आहे. तात्या खोपोलीच्या एका कारखान्यात लोखंडी पाइप तपासायचे. पाइप पाहायचा, ठोकायचा, पास की नापास ते सांगायचं. नोकरी संपली, पण तपासणी चालू राहिली. ओढ्यावरच्या नव्या मोरीवर त्यांनी टाच आपटली आणि ती नापास केली. माझ्या पुतणीच्या लग्नात जिलबी हातात धरून उजेडात पाहिली आणि वाढप्याला परत दिली. आमच्या घरी चहा घेतात, संपवतात, कप उलटा करून बूड पाहतात.

विजेच्या गाडीचं कारण साधं होतं. डाव्या घोट्यात जोर राहिला नव्हता, जुन्या मोटरसायकलचा गियर पडेना. डॉक्टरांनी बिनगियरची, हलकी गाडी घ्या म्हणून सांगितलं. माझ्या हिशेबाने हे एका दुपारचं काम होतं. या वयाच्या माणसाने सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकतात का ते पाहावं, वजन झेपतं का ते पाहावं, ब्रेक दाबून पाहावेत आणि घरी यावं. तात्यांनी यातलं काहीही पाहिलं नाही. दिवाळीत सुरू झालेला शोध होळीपर्यंत चालला, कारण त्यांना गाडी स्वतःसाठी नको होती. बायको यमुनाकाकी त्यांच्या मागे पुन्हा बसायला हव्या होत्या.

काकी एकदा पडल्या होत्या. दोघं काकींच्या नणंदेकडून परत येत होते. कशेळ्याच्या अलीकडे रस्त्यावर एक गतिरोधक आहे, त्यावर तात्यांनी नेहमीप्रमाणे गियर बदलला, गाडीने झटका दिला आणि काकी मागच्या मागे पेंढ्याच्या ढिगावर बसल्या. मनगट मुरगळलं, बाकी काही नाही. तात्या बोलत होते. विषय नणंदेकडच्या नव्या बोअरवेलचा होता आणि ती नापास झाली होती. ते कशेळ्यापर्यंत बोलत गेले. तिथे "व्हय का नाय?" असं विचारून त्यांनी मान वळवली.

तोवर काकी एका जीपमध्ये चढल्या होत्या. तात्या उलटे निघाले, जीप समोरून आली. काकींनी त्यांना पाहिलं आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "थांबू नको." तात्या दिवेलागणीला घरी पोचले तेव्हा काकी भात उतरवत होत्या. एवढा वेळ तात्या कुठे होते, याचं उत्तर गावाने स्वतःच शोधलं. टपरीवर चहा पीत बसले असणार आणि चहा नापास झाला असणार. तात्यांनी ते खोडलं नाही.

"जीपमध्ये चेंगरून मरंन," काकी म्हणाल्या, "पण तुमच्या मागं बसायची नाय."

तेव्हापासून काकी कशेळ्याला जीपने जात आणि तात्या घोटा दुखत असताना मोटरसायकलवरून जीपच्या मागे जात. जीपवाला वैतागला होता. "तात्या, तुमी पोलिसावानी मागं का येताय? पॅसेंजर घाबरतात." तात्या तरी मागेच राहत. काकी खिडकीतून दुसरीकडे पाहत.

तर शोध. एक गाडी निघताना मागे ढकलते म्हणून नापास. एकीच्या चाकात साडीचा तुकडा ओढला गेला. तो सोडवायला अर्धा तास लागला आणि तात्या त्या वेळात समाधानाने "बघितलंस? बघितलंस?" म्हणत होते. एकीची सीट उतरती, पिशवीसकट माणूस घसरतो. शिळफाट्याचा विक्रेता उत्साही होता. तो म्हणाला, "काका, हिचा पिकअप बघा फक्त."

"पिकअप कशाला? मला काय बँक लुटायची हाय?"

"मग तुम्हाला नेमकं काय पाहिजे?"

"हळू निघाया पाहिजे. मागच्याला कळता नये, निघाली ते."

विक्रेत्याने असं गिऱ्हाईक पाहिलं नव्हतं. मी पाहिलं होतं, सहा वेळा. परतताना मी तात्यांना स्पष्ट सांगितलं की यापुढे माझी गाडी मिळणार नाही. त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या रविवारी सकाळी साडीचा तुकडा काखेत मारून फाटकात उभे राहिले.

त्या रविवारी शिळफाट्यालाच एक गाडी पास झाली. बुटकी, रुंद सीटची, मागे पाठ टेकायला गादी, चाकाला जाळी, डाव्या बाजूला पाय ठेवायची पट्टी. निघताना खरोखरच कळत नव्हतं. तात्यांनी तीन चकरा मारायला लावल्या, तिन्ही मागे बसून. शेवटच्या चकरेत त्यांनी डोळे मिटले होते.

गाडी अंगणात आली. काकींनी हात पुसले, गाडीभोवती फिरल्या, मागे बसल्या. मी हँडल धरून उभा होतो. त्यांचे पाय पट्टीपर्यंत पोचले नाहीत. चार बोटांचं अंतर राहिलं. काकी तात्यांपेक्षा वीतभर बुटक्या आहेत. हे मला माहीत होतं, साऱ्या गावाला माहीत होतं. नोकरीभर नमुने तपासलेल्या माणसाने सगळी तपासणी चुकीच्या नमुन्यावर केली होती. मला हसावं की ओरडावं ते कळेना. मी हँडल धरून राहिलो.

काकी उतरल्या. तात्या ओट्यावर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"त्या दिशी मी मागं आलो," ते म्हणाले, "तवा तुझी एक चप्पल होती रस्त्यात. तू नव्हती."

काकी त्यांच्याकडे वळल्या.

"चरात उतरलो. गवत बाजूला करून बघितलं. पलीकडच्या शेतात गेलो. हाका मारल्या. कोणी तरी गाडीखाली घालून तुला उचलून नेली असं वाटलं. अंधार पडाया लागला तवा घरी आलो, लोकांना बोलवाया. तर तू भात उतरवत होती."

"सांगितलं नाय कधी."

"काय सांगायचं त्यात."

"मी जीपमधनं बघितलं तुमाला," काकी म्हणाल्या. "रागात होते. मला वाटलं, बसाल कुठंतरी चहा पीत."

मग तात्यांनी मान वर केली आणि जो प्रश्न दिवाळीत विचारला असता तर माझे सहा रविवार वाचले असते, तो विचारला. "पट्टी कुठं पाहिजे गं तुला?"

काकी पुन्हा बसल्या, पाय सैल सोडले आणि बोटाने दाखवलं. "हितं."

कशेळ्याच्या वेल्डरने पट्टी चार बोटं वर घेतली. आता दोघं आमच्या घरावरून बाजाराला जातात. विजेच्या गाडीला आवाज नसतो, त्यामुळे तिच्यावरच्या माणसांचा ऐकू येतो. तात्या बोअरवेलबद्दल बोलत नाहीत. दर थोड्या अंतराने, मान न वळवता, एवढंच विचारतात, "हाय ना गं?"

मागून उत्तर येतं, "हाय."

ते सकाळी सातपासून ऐकावं लागतं. परवा माझ्या फाटकासमोर तात्यांनी विचारलं आणि मागून काही आलं नाही. गाडी थांबली. तात्यांनी दोन्ही पाय टेकले आणि वळून पाहिलं. काकी जागेवर होत्या. तोंडात पेरूचा घास होता. त्यांनी तो सावकाश चावला, गिळला.

"हाय," त्या म्हणाल्या. "चला."